भंडारदऱ्याचे बारा महिने : पाणी ओसरल्यावर चित्रण कसे करावे?

पाणकाठ

नमस्कार. मी पुण्यात माध्यमिक शाळेत शिक्षक आहे आणि गेली पाच-सहा वर्षे सुट्टीच्या दिवशी निसर्गचित्रण करतो. गेल्या दिवाळीत मी ठरवले की दर वेळी नवे ठिकाण शोधत फिरण्यापेक्षा एकाच जलाशयाचे वर्षभर चित्रण करायचे, आणि वर्षाच्या शेवटी बारा महिन्यांची बारा छायाचित्रे शाळेच्या लांब भिंतीवर ओळीने लावायची. त्यासाठी भंडारदरा निवडले. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणामागे पसरलेले प्रवरेचे हे पाणी, त्याच्या एका टोकाला रतनगड आणि उत्तरेला कळसूबाईची रांग, असा पट मला माहीत असलेल्या दुसऱ्या कोणत्याही तलावाभोवती नाही.

आतापर्यंत माझ्या तीन फेऱ्या झाल्या. नोव्हेंबरात पांजरे गावाजवळ काठावर तिपाई लावून जे छायाचित्र मिळाले ते मला आजही आवडते. जानेवारीत पाणी थोडे खाली गेले होते, पण सकाळच्या धुक्याने ते झाकले. मागच्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या अखेरीस, त्याच दगडाशी जाऊन उभा राहिलो तेव्हा पाणी इतके दूर गेले होते की मधला सारा उतार उघडा, तपकिरी आणि भेगाळलेला होता, आणि आकाश पांढुरके. दिवसभरात सत्तरएक छायाचित्रे काढली, त्यांतले एकही भिंतीवर लावावेसे वाटत नाही.

उन्हाळ्याचे महिने या मालिकेतून सरळ वगळावेत का? की त्या महिन्यांत पाण्याच्या मागे मागे जाऊन जागा बदलावी? जागा बदलली तर ‘एकच तळे, बारा महिने’ हा मूळ हेतूच बिघडतो असे वाटते. माझ्याकडे साधा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स आणि एक जुनी, पण मजबूत तिपाई आहे. नवे सामान घेण्याची ऐपत सध्या नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

रानवाटा

नमस्कार सर. उन्हाळा वगळू नका, एवढे आधी सांगतो, आणि मग कारण सांगतो.

आपण ज्याला तळे म्हणतो ते महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी धरणाचे पाणी आहे. नैसर्गिक सरोवराचा काठ वर्षभर जवळपास तिथेच असतो, धरणाचा काठ मात्र चालता असतो. भंडारदऱ्याची साठवण अकरा टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. साधारण ऑगस्टमध्ये पाणी सांडव्याला लागते आणि त्यानंतर रब्बीचे आवर्तन (सिंचनाची पाळी), मग उन्हाळी आवर्तन असे खालच्या शेतीसाठी सोडले जाते. तुम्हाला नोव्हेंबर आणि एप्रिल यांच्यात जो फरक दिसला तो जितका उन्हाचा, तितकाच या आवर्तनांचा आहे. म्हणून या मालिकेचे पंचांग आकाशात जितके आहे तितकेच पाण्याच्या पातळीत आहे. पाणी मागे सरकणे हा तुमच्या विषयातला दोष धरू नका, विषयच तो आहे.

आता प्रत्यक्ष कसे करावे. पांजऱ्याजवळची जागा सोडू नका, पण तिपाई पूर्ण भरलेल्या पातळीच्याही वर, कायम कोरड्या राहणाऱ्या जागी न्या. एखादा मोठा कातळ किंवा झाड खूण म्हणून धरा. तिपाईची उंची, लेन्सचे आकडे आणि कॅमेऱ्याची दिशा वहीत लिहून ठेवा आणि दर महिन्याला अगदी तेच आकडे वापरा. चौकटीत रतनगडाचा खुटा, म्हणजे गडाशेजारचा सुळका, एका ठरावीक जागी बसवा, म्हणजे बारा छायाचित्रे शेजारी लावल्यावर डोंगर जागचा हलणार नाही आणि फक्त पाणी वर-खाली होईल. मुलांना भिंतीपाशी उभे राहून जे समजेल ते कोणत्याही धड्यातून समजणार नाही.

उत्तरेच्या काठावरून, म्हणजे मुरशेत-पांजरे बाजूने, रतनगडाकडे पाहताना सकाळचे ऊन तुमच्या डाव्या हाताने येते आणि कड्यांच्या घड्या उठून दिसतात. संध्याकाळसाठी धरणाच्या बाजूला, शेंडी गावाकडे जा. मात्र सूर्य वर्षभर एकाच ठिकाणी मावळेल असे समजू नका. आपल्या अक्षांशावर जूनमधला सूर्यास्त थेट पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला होतो आणि डिसेंबरमधला तितकाच दक्षिणेला. शेंडीकडून पाहिले तर जूनमध्ये सूर्य अलंग-मदन-कुलंगच्या दिशेने उतरतो आणि डिसेंबरात रतनगडाच्या बाजूला सरकतो. तुमच्या १८ मिमी लेन्सची आडवी नजर सुमारे ६४ अंशांची आहे. पश्चिमेला मध्य धरून चौकट बांधलीत तर वर्षभराचा सूर्याचा हा सारा प्रवास त्याच एका चौकटीत मावतो. ही तुमची दुसरी मालिका होऊ शकेल.

एप्रिलच्या पांढुरक्या आकाशाबद्दल. मार्च-एप्रिलमध्ये हवेत धूळ असते, डोंगरावर वणवे लागतात आणि खाचरांत राब भाजले जातात, म्हणजे पालापाचोळा पसरून जाळतात, त्यामुळे दूरचे सारे पुसट होते. त्या दिवसांत दूरचा डोंगर हा विषयच धरू नये. त्याऐवजी सूर्योदयाच्या आधी अर्धा तास जा आणि सूर्य दिसल्यावर तासाभरात आवरते घ्या. आपल्याकडे संधिप्रकाश फार टिकत नाही, तांबडे फुटल्यापासून सूर्य वर येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटेच हाताशी असतात, तेव्हा तिपाई अंधारातच लावून झालेली असावी. मे महिन्याच्या मध्यानंतर दुपारचे वळवाचे ढग चढू लागले की हेच आकाश पुन्हा कामाचे होते. वळीव पडून गेल्यावर धूळ खाली बसते आणि त्यानंतरच्या दोन तासांत जो स्वच्छ, तिरपा उजेड मिळतो तसा मला ऑक्टोबरातही क्वचित मिळाला आहे. विजा चमकत असताना मात्र उघड्या काठावर तिपाईपाशी उभे राहू नये.

गाळपेर

रानवाटा यांनी जे सांगितले त्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. मी इंदापूर तालुक्यातला आहे, म्हणून उजनीच्या अनुभवावरून थोडे जोडतो.

भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे आणि त्यांतले त्रेसष्टहून अधिक टीएमसी मृतसाठ्यात, म्हणजे टक्केवारीत न धरल्या जाणाऱ्या तळाच्या पाण्यात, मोडते. म्हणूनच आमच्याकडे उन्हाळ्यात धरणाची टक्केवारी उणे आकड्यांत सांगितली जाते, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली होती. पाणी असे उतरले की पळसदेवचे जुने हेमाडपंती मंदिर पाण्याबाहेर येते. आधी शिखर दिसते, मग काही दिवसांनी मंडप, आणि पाणी फारच खाली गेले तर माणसे चालत तिथपर्यंत जातात.

आमच्या घराण्याची जुनी जमीन याच पाण्याखाली आहे. माझी आजी दर उन्हाळ्यात काठावर येऊन हाताने दाखवायची की इथे विहीर होती आणि तिथे चिंच. एका मे महिन्यात पाणी बरेच खाली गेल्यावर मला तिने सांगितलेल्या ठिकाणी विहिरीच्या कडेचे चार-पाच घडीव दगड सापडले. त्यांच्यावर वाळलेल्या शिंपल्यांचा थर होता आणि मधल्या फटीत माशांच्या जाळ्याचा निळा दोरा अडकलेला होता. सकाळी सात वाजता तिरप्या उन्हात घेतलेले ते छायाचित्र माझ्या सगळ्या रोहित पक्ष्यांच्या छायाचित्रांपेक्षा मला मोलाचे वाटते. सर, उघडा पडलेला उतार तुम्हाला मेलेला दिसला. त्या उतारावर जुने बांध, पायवाटा, झाडांचे बुंधे आणि वस्तीच्या खुणा दिसतात का, ते एकदा खाली मान घालून पाहा. भिंतीवरच्या एप्रिलसाठी रानवाटा म्हणतात तशी ठरलेली चौकट घ्याच, पण त्याखाली एक लहान छायाचित्र अशा एखाद्या खुणेचे लावा.

पक्ष्यांचेही गणित पातळीशीच बांधलेले आहे. भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ या भागात पाणी तुडुंब असताना रोहित फारसे थांबत नाहीत, कारण त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो. हिवाळा सरता सरता गाळ उघडा पडू लागतो, तेव्हा त्यांचे थवे चांगले दिसतात. त्याच गाळावर मग गाळपेरीची, म्हणजे उघड्या गाळात पेरलेल्या पिकाची, हिरवी पट्टी उभी राहते. वर बोडका उतार, मध्ये हिरवे पीक आणि खाली पाणी असे तीन रंगांचे पट्टे एकावर एक दिसतात, आणि ५५-२५० लेन्सने ते जवळ आणून दाबून घेतले तर फार सुंदर चौकट होते.

एक धोका मात्र नीट लक्षात ठेवा. वरून भेगाळलेला, कडक दिसणारा गाळ खाली मऊ असतो. पाण्याच्या कडेपासून वीस-पंचवीस पावले अलीकडेच थांबावे आणि पुढे जायचेच असेल तर तिथल्या मच्छीमाराला विचारल्याशिवाय जाऊ नये. माझा पाय एकदा गुडघ्यापर्यंत रुतला होता आणि काठीच्या आधाराने बाहेर पडायला पंधरा मिनिटे लागली. तिपाईच्या पायांखाली डब्यांची प्लास्टिकची झाकणे उलटी ठेवली तर ती रुतत नाही, त्याला खर्च काहीच नाही.

पाणकाठ

रानवाटा आणि गाळपेर, आपले दोघांचे मनापासून आभार. गाळपेर, आपल्या आजींचे वाचून मी एप्रिलची सत्तर छायाचित्रे पुन्हा उघडली. त्यांतल्या तीनमध्ये उतारावर आडव्या दगडी रेघा दिसतात, बहुधा जुन्या खाचरांचे बांध असावेत. काढताना मला त्या दिसल्याच नव्हत्या.

आता दोन शंका. पहिली अशी की प्रतिबिंबासाठी पोलरायझर फिल्टर घ्यावा असे एका दुकानात मला आग्रहाने सांगण्यात आले. तो एकच खर्च मला झेपेल, पण त्याने प्रतिबिंब खरोखर सुधारते का? दुसरी शंका पावसाळ्याची. गेल्या वर्षी जुलैत कोकणात गेलो होतो, तेव्हा लेन्सच्या आत बुरशीचा एक बारीक तंतू धरला, म्हणून यंदा कॅमेरा पावसात न्यायचे धाडस होत नाही.

सावली

पोलरायझरबद्दल लिहिते, कारण या बाबतीत बराच गैरसमज आहे.

पोलरायझर प्रतिबिंब वाढवत नाही, त्याचे मूळ काम चकाकी कापण्याचे आहे. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून तुम्ही खाली पाहत असाल तर तिथली चकाकी तो जवळजवळ पूर्ण पुसतो आणि तळाचे खडे दिसू लागतात. दूरच्या पाण्याकडे नजर जवळजवळ आडवी जाते, तिथे त्याचा परिणाम बराच कमी होतो. त्यामुळे रतनगडाचे प्रतिबिंब हवे असताना फिल्टर चुकीच्या बाजूला फिरवलात तर पुढचे पाणी काळे पडेल आणि प्रतिबिंबाचा अर्धा भाग नाहीसा होईल. शिवाय १८ मिमीवर निळ्या आकाशात एक गडद पट्टा उमटतो, कारण आकाशावर त्याचा सर्वाधिक परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर होतो आणि एवढ्या रुंद चौकटीत तो सगळीकडे सारखा पडू शकत नाही. रानवाटा यांनी सुचवलेल्या ठरलेल्या चौकटीत तर तो वापरूच नये, नाहीतर बारा महिन्यांची बारा आकाशे फिल्टरमुळे वेगळी दिसतील. त्याचा खरा उपयोग पावसाळ्यात आणि सप्टेंबरात, ओल्या पानांवरची आणि कातळावरची पांढरी चमक काढून हिरवा रंग मोकळा करण्यासाठी होतो. तेवढ्यासाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या, प्रतिबिंबासाठी मात्र नको.

प्रतिबिंबासाठी फुकटचा उपाय आहे. तिपाई खाली आणा. पाण्याकडे जितक्या तिरप्या नजरेने पाहाल तितके ते आरशासारखे वागते. याच कारणाने क्षितिजाजवळचे प्रतिबिंब आकाशाइतकेच उजळ असते आणि तुमच्या पायाजवळचे बरेच गडद, म्हणून पायापाशी पुरेसा तपशील येईल असे एक्स्पोजर धरून आकाशासाठी दुसरे, कमी एक्स्पोजरचे छायाचित्र घेऊन ठेवावे. दोन्ही नंतर संगणकावर जोडता येतात.

वाऱ्याचे वेळापत्रकही पाळा. हिवाळ्यात रात्रभर डोंगरउतारावरची हवा थंड होऊन खाली पाण्यावर येऊन बसते. पाणी त्या हवेपेक्षा ऊबदार असल्यामुळे त्यातून निघालेली वाफ लगेच थंडावून धुके होते आणि अगदी पृष्ठभागावरून हळूहळू सरकते. ऊन उतारांवर पडू लागले की हवा हलते, पाण्यावर बारीक सुरकुत्या येतात आणि प्रतिबिंब गेले म्हणून समजा. भंडारदऱ्याला डिसेंबरात मला ही शांतता साधारण आठपर्यंत मिळाली आहे. धुक्यात कॅमेऱ्याचा मीटर सगळे करडे करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवावे.

एका बाबतीत मात्र मी रानवाटांशी सहमत नाही. पांजऱ्यावरून बाराही महिने एकच चौकट घेतली तर जुलैत तिच्यात काहीच नसेल. रतनगड कित्येक दिवस ढगात असतो आणि खुटा दिसण्याची वाट पाहत सरांच्या चार सुट्ट्या वाया जातील.

रानवाटा

सावलीताई, पोलरायझरचे म्हणणे मान्य, मीही तो आता पिशवीत ठेवत नाही. जुलैच्या बाबतीत मात्र मी आग्रह धरतो. ज्या महिन्यात डोंगर दिसत नाही त्या महिन्याचे छायाचित्र डोंगराशिवायच असावे. खाली ओली खाचरे, मध्ये चहाच्या रंगाचे गढूळ पाणी आणि वर नुसता करडा ढग, पण चौकट तीच. शेजारी ऑगस्टचे भरलेले, हिरव्या डोंगराचे छायाचित्र असेल तेव्हा जुलैचा तो रिकामेपणा डोळ्यांना बोलेल. सुंदर छायाचित्र आणि खरे छायाचित्र यांत निवड करायची वेळ आली तर या मालिकेत मी खऱ्याच्या बाजूने आहे. सरांनी ते काढून पाहावे आणि मगच ठरवावे.

ओलीवाट

पावसाळ्याबद्दल मी सांगते, कारण मी वर्षातले सगळ्यात जास्त चित्रण जून ते सप्टेंबर या काळातच करते.

बुरशी सहसा पावसाच्या थेंबांनी धरत नाही, भिजलेला कॅमेरा बंद पिशवीत तसाच पडून राहिल्याने धरते. घरी आल्यावर कॅमेरा आणि लेन्स पिशवीतून बाहेर काढून, सुती कापडाने पुसून, रात्रभर पंख्याखाली ठेवा. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, आणि डब्यात एक छोटा आर्द्रतामापक टाका. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. पुड्यांतल्या दाण्यांचा रंग बदलला की त्या तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून उजेडात वापरा. गेल्या वर्षीच्या तंतूची लेन्स आधी कारागिराकडून साफ करून घ्या आणि तोवर ती दुसऱ्या लेन्सजवळ ठेवू नका. गाडीत एसी लावून जाल तर पोहोचण्याच्या वीस मिनिटे आधी तो बंद करून काचा उघडा. नाहीतर थंड काचेवर बाहेरची दमट हवा लागून लेन्स आतबाहेर धुरकट होईल आणि नेमका चांगला उजेड निघून जाईल.

पावसात मला छत्रीपेक्षा घोंगडीची खोळ उपयोगी पडते. भंडारदऱ्याच्या शेतकऱ्यांना आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, वेळी पाहा, पाठीवर इरले किंवा प्लास्टिकची खोळ घेऊन दोन्ही हात मोकळे असतात. आपलेही तसेच हवे. त्यांचे छायाचित्र घ्यायचे असेल तर मात्र आधी बांधावर थांबून, नमस्कार करून विचारावे. चिखलात वाकलेल्या बाईच्या पाठीमागून लेन्स रोखणे बरे दिसत नाही.

मृग लागायच्या सुमारास, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, या परिसरात काजवे असतात आणि हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडे रात्री उजळतात. तुमच्या १८-५५ लेन्सचे सर्वांत मोठे छिद्र, आयएसओ १६०० ते ३२०० आणि वीस-तीस सेकंदांची बरीच छायाचित्रे एकावर एक जोडली तर साधारण कॅमेऱ्यावरही चांगले काम होते. परंतु विजेरी, मोबाइलचा प्रकाश आणि फ्लॅश पूर्ण बंद हवेत. काजव्यांचा उजेड ही जोडीदारासाठीची खूण असते आणि आपल्या उजेडात ती हरवते. झाडांखालच्या गवतात शिरू नये, कारण माद्या बहुधा जमिनीलगत असतात. हा अभयारण्याचा भाग आहे, त्यामुळे रात्रीच्या प्रवेशाबाबत वन विभागाचे त्या वर्षीचे नियम आधी विचारून घ्यावेत. गेल्या काही वर्षांत शनिवार-रविवारी तिथे गाड्यांच्या दिव्यांची रांग लागते आणि ते पाहून फार वाईट वाटते, म्हणून सुट्टी असेल तर मधल्या वारी जा.

ऑगस्टमध्ये सांडव्यावरून पाणी सुटले असताना नदीपात्रात उतरून चित्रण करू नका. विसर्ग कधी वाढेल हे आपल्याला कळत नाही. सप्टेंबरात सोनकी फुलते आणि घाटघरच्या वाटेवर उतारच्या उतार पिवळे होतात. हस्ताचा पाऊस चालू असतानाच जा, कारण ऑक्टोबराचे कडक ऊन पडले की ती आठ-पंधरा दिवसांत वाळते.

पाणकाठ

आपणा सर्वांना धन्यवाद. काल पुन्हा भंडारदऱ्याला जाऊन आलो. पांजऱ्याच्या वर, भरल्या पातळीच्या बरेच वर, जांभळाचे एक जुने झाड आहे. ते ज्यांच्या बांधावर आहे त्या बाबांनी वर्षभर यायला आनंदाने परवानगी दिली. झाडाच्या बुंध्यापासून पाच पावलांवरच्या कातळावर तिपाईच्या तिन्ही पायांच्या जागी खडूने खुणा केल्या होत्या, पण बाबा म्हणाले की पहिल्या पावसात जातील, आणि त्यांनी स्वतः छिन्नी आणून तीन बारीक खोबण्या पाडून दिल्या. लेन्स १८ मिमी, तिपाईची उंची चार फूट, खुटा चौकटीच्या उजव्या तृतीयांशावर, असे वहीत लिहिले आहे.

खालच्या उतारावर दिसलेल्या त्या दगडी रेघांबद्दलही बाबांना विचारले. त्या खाचरांच्याच आहेत. त्यांच्या आजोबांच्या वेळी ही शेते पाण्याखाली गेली आणि पाणी खाली जाते त्या वर्षी ते अजूनही त्यांतल्या एका बांधावर जाऊन बसतात. मेअखेरीस, पहिल्या पावसाच्या आधी, त्या बांधावर बसलेले त्यांचे छायाचित्र घ्यायला त्यांनी मला बोलावले आहे. ते मेच्या चौकटीखाली लावीन.